खापरतळ्याची पारदर्शकता

१

दर सोमवारी सकाळी अकरा वाजता मी खापरतळ्याच्या मधोमध एक तबकडी बुडवते आणि ती दिसेनाशी व्हायची वाट बघते. एखादी गोष्ट दिसेनाशी झाली की त्याच दिवशी तिची नोंद होते, असं सरकारी कामात हे एकमेव काम असावं.

तबकडी जेवणाच्या ताटाएवढी असते, चार पाव हिश्श्यांत रंगवलेली. दोन पाव काळे, दोन पाव पांढरे. मधोमध दोरी आणि दोरीला दर मीटरला एक गाठ. नावेच्या सावलीच्या अंगाने ती हळूहळू सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा टिपायचा. मग वर ओढत आणायची आणि पुन्हा दिसू लागली की दुसरा आकडा. दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. तबकडी जितकी खोल दिसेल तितकं पाणी स्वच्छ.

मी मैत्री शेंडे. क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणी-परीक्षण विभागात करारावर रसायनतज्ज्ञ. विश्रांतवाडीच्या मागे, आळंदी रस्त्यापासून आत, आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतं ते हे तळं. चार वर्षं इथला आकडा वीतभर होता. चौदा सोसायट्यांचं सांडपाणी नाल्यातून थेट तळ्यात येत होतं आणि आम्ही त्याला तळं म्हणत होतो, हा आमचा मोठेपणा.

मग गाळ काढायचा निर्णय झाला आणि दिवाळीत वळणवाहिनी सुरू झाली. म्हणजे बांधामागून एक मोठा पाइप टाकला, नाल्याच्या तोंडाशी लोखंडी झडप बसवली आणि सांडपाणी तळ्याला वळसा घालून शुद्धीकरण केंद्राकडे जाऊ लागलं. पहिल्या सोमवारी तबकडी हातभर दिसली. दुसऱ्या सोमवारी एक मीटर. तिसऱ्या सोमवारी अडीच. मी नावेत उभी राहून नाचले. नाव चालवणारे रंगराव तळ्यापलीकडच्या वस्तीत राहतात, वयाने माझ्या वडिलांएवढे. ते म्हणाले, "ताई, नाचा, पर बसून नाचा."

आनंदाला कारण होतं. जानेवारीत प्रभाग समितीसमोर दोन प्रस्ताव येणार होते. पाणी सुधारलं तर तळं लोकांना खुलं करायचं, जेट्टी बांधायची, शाळेच्या मुलांना नावेतून फिरवायचं. नाही सुधारलं तर अर्धं तळं मुरूम टाकून बुजवायचं आणि त्यावरून रस्ता काढायचा. कुठला प्रस्ताव जिंकणार हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं. आणि माझी आई, चंपा शेंडे, टपाल खात्यातून निवृत्त, गेली चार वर्षं तळं वाचवायला दारोदार सह्या गोळा करत होती.

२

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तबकडी दिसेनाशी झालीच नाही.

साडेतीन मीटरची गाठ माझ्या बोटांतून गेली. इथे तबकडी तळाला टेकायला हवी होती. दोरी सैल पडायला हवी होती. पण दोरी ताठ होती आणि तबकडी खाली जात होती. चार. पाच. सहा. प्रत्येक पाव लख्ख दिसत होता. दहा मीटरची दोरी संपली तेव्हा मी नावेच्या काठावर पोटावर पडले होते आणि हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

आता इथली खोली मला कुणी सांगायची गरज नव्हती. मे महिन्यात तळं कोरडं करून गाळ काढला, तेव्हा याच जागी पोकलेन उभं होतं. त्याच्या सावलीत बसून मी डब्यातले कांदेपोहे खाल्ले होते. खाली कडक, पिवळसर मुरमाचा तळ. काठापासून साडेतीन मीटर. त्यावर मी स्वतः बसले होते.

मी डोकं लढवलं. नाव सरकली असेल, दोरी तिरकी गेली असेल. पण दोरी सरळ होती. गाठी सरकल्या असतील. कार्यालयात जाऊन पोलादी टेपने मोजल्या, सगळ्या जागच्या जागी. गाळ काढताना कुठे भोक पडलं असेल, खाली एखादी विहीर लागली असेल. हे कारण मला इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस मी तेच धरून बसले. आपल्या तळ्यात जुनी विहीर सापडली, या कल्पनेने मला झोप येईना.

अडचण निराळीच आली. संगणकावरच्या अर्जात मी दहा लिहिलं की लाल अक्षरं येत: पारदर्शकता खोलीपेक्षा जास्त असू शकत नाही. खोलीच्या रकान्यात साडेतीन आधीच भरलेलं, ते बदलायची सोय नाही.

आमचे उपअभियंता अनिरुद्ध सर शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "मॅडम, तळ्यापेक्षा खोल पाणी तुम्हालाच सापडायचं. साडेतीन टाका, आणि शेऱ्यात 'तळ दिसतो' निवडा. असं कधी झालं नव्हतं, तुमचं नाव होईल."

मी साडेतीन टाकलं. यादी उघडून 'तळ दिसतो' निवडलं. खाली माझी सही.

तळ मी पाहिला नव्हता. पण खरं लिहिलं असतं तर अर्ज पुढे गेला नसता, आकडाच नाही म्हटल्यावर समितीने काय करायचं ते केलं असतं. इतकं साधं होतं ते, आणि मी ते हसत हसत केलं.

३

मंडईजवळच्या दोरवाल्याकडून वीस मीटर दोरी आणली. रविवारी दुपारी आई आणि मी गच्चीवर बसून गाठी बांधल्या. आईने टेप धरली, मी बांधल्या. वीस गाठी.

सोमवारी सगळी दोरी सोडली. वीसही मीटर. तबकडी खाली होती, ताटाएवढीच. हेच मला उशिरा कळलं. खोल जाताना वस्तू लहान दिसायला हवी. ती तेवढीच दिसत होती.

"रंगराव, बघा ना जरा."

"नगं." ते नावेच्या दुसऱ्या टोकाला बसून होते. "पाखरं बगा आदी."

मी पाहिलं. बगळे काठावर होते, दहा-बारा. एकही पाण्यात पाय घालत नव्हता. आणि मग आवाजाचं लक्षात आलं. नावेखाली पाणी नेहमी चुबकचुबक करतं, त्या आवाजाची इतकी सवय असते की ऐकू येत नाही. तो बंद होता. आळंदी रस्त्यावरचे हॉर्न स्पष्ट ऐकू येत होते.

दोरी वर ओढली. सवयीने मी गाठी मोजते. एकवीस.

पुन्हा मोजल्या. एकवीस. शेवटची, तबकडीच्या वरची, माझ्यासारखीच बांधलेली होती, फक्त माझ्यापेक्षा नीट. घरी येऊन टेप लावली. दोरी एकवीस मीटर भरली. मध्ये जोड नव्हता. मी तिच्यावरून नख फिरवत राहिले, कुठे तुकडा जोडलेला सापडतोय का बघत.

आईला म्हटलं, "आपण रविवारी चुकून एकवीस बांधल्या."

"वीस," आई म्हणाली. "छत्तीस वर्षं मी तिकिटं मोजलीत. वीस."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटत होतं. आख्ख्या पुण्यात ही गोष्ट एकट्या मला ठाऊक होती. पुढच्या सोमवारी बावीस गाठी निघाल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी तेवीस. सोमवारची मी वाट बघू लागले, नवीन कपडे घालून जाऊ लागले. आणि प्रत्येक सोमवारी दुपारी अर्जात साडेतीन, तळ दिसतो, सही.

४

समितीची बैठक मंगळवारी दुपारी झाली. सभागृह भरलेलं होतं. माझे सातही अहवाल मोठ्या पडद्यावर लावले होते आणि प्रत्येकाखाली तेच दोन शब्द. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रस्त्याच्या प्रस्तावाच्या बाजूने बोलायला आलेले गृहस्थ उठलेसुद्धा नाहीत.

एका सदस्याने विचारलं, "मुलं जाणार आहेत म्हणून विचारतो. खोली किती?"

अनिरुद्ध सरांनी माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले. समोर तिसऱ्या रांगेत आई होती, तिच्या सह्यांच्या मोहिमेतल्या अकरा बायकांसह. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. इंदुबाईंनी तर घरून पेढे आणले होते, निर्णय व्हायच्या आधीच.

त्याक्षणी मी खरं बोलू शकत होते. खोली माहीत नाही, एवढं पुरे होतं. मग फेरतपासणी, मग तहकुबी, आणि पुढच्या बैठकीत रस्ता. हे सगळं मी एका श्वासात पाहिलं.

"साडेतीन मीटर," मी म्हणाले. "सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं देणार आहोत."

ठराव एकमताने मंजूर झाला. शुक्रवारी सकाळी दहा वाजता उद्घाटन. सहा नावा, चौथीची साठ मुलं. आई बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. मला खरोखर आनंद झाला होता. फक्त पेढा मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

५

गुरुवारी मी रंगरावांना म्हटलं, एकदाच जाऊ. मुलांच्या आधी एकदा. ते नावेत बसले.

ऊन स्वच्छ होतं. अकरा वाजले होते. दोरी आता सव्वीस मीटर झाली होती. मी ती सोडू लागले आणि बाराव्या गाठीला ती थांबली. अडकली असती तर हाताला झटका बसला असता. तसं झालं नाही. मेंदी काढताना कुणी आपलं बोट धरावं, तशी ती कुणीतरी धरली होती.

मग सोडली.

मी खाली पाहिलं. माझी तबकडी स्थिर होती. तिच्या खाली दुसरी होती.

ती वर येत होती. दोन पाव काळे, दोन पाव पांढरे. सावकाश, एका लयीत. माझ्या तबकडीला वळसा घालून ती वर आली, साधारण दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर थांबली, जराशी मागे गेली, पुन्हा जराशी वर आली. मग तशीच थांबून राहिली.

पहिला आकडा. दुसरा आकडा. मी हेच करते. दिसेनाशी होईपर्यंत सोडायची, दिसू लागेपर्यंत मागे घ्यायची, आणि टिपायचं. माझ्या अंगावर काटा आला, आणि सांगायला लाज वाटते, त्या काट्यात अर्धी खुशी होती. कुणीतरी माझंच काम करत होतं. आपल्या बाजूने किती स्वच्छ दिसतं, हे तिकडून कुणीतरी दर सोमवारी मोजत होतं.

त्या तबकडीची दोरी खाली गेली होती. मी तिच्यामागोमाग नजर नेली. फार खाली एक लांबट काळा आकार होता, नावेचा. त्याच्या काठावर वाकलेली डोकी.

प्रतिबिंब, मी स्वतःला म्हटलं. दुसरं काय असणार? नाव आमची आणि डोकं माझं. मी ताठ बसले. मान वर केली, मोजून पाच श्वास घेतले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून खाली पाहिलं.

ती डोकी वाकलेलीच होती. दोन्ही काठांना, दाटीवाटीने. रंगराव माझ्या मागे सरळ बसले होते. मी आयुष्यात सगळं मोजत आले. ती डोकी मी मोजली नाहीत.

"ताई," रंगराव वल्ही उचलत म्हणाले, "काय दिसलं ते मला सांगू नका. मला रोज हितंच जायाचं हाय."

६

काठावरूनच अनिरुद्ध सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, उद्याचं रद्द करा. खोली सव्वीसच्या वर आहे. सीरियसली. आणि खाली काहीतरी आहे."

"काय आहे?"

"माहीत नाही."

"मॅडम, सात अहवालांवर तुमची सही आहे. दोन दिवसांपूर्वी भर सभेत तुम्ही साडेतीन म्हणालात. आता सव्वीस म्हणता, आणि वर काहीतरी आहे, पण काय ते माहीत नाही. लिहून देता का? द्या. सोमवारी टेबलावर येईल. उद्या शुक्रवार आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "झोपा जरा. तुम्ही फार मनावर घेता."

ते चुकीचं बोलत होते असं नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मुलांनी आठवडाभर गाणं बसवलंय.

मग मी बांधामागे गेले. झडपेच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, नमुने घ्यायला लागते म्हणून. झडपेचं चाक ट्रकच्या स्टिअरिंगएवढं आहे आणि त्याला भरपूर ग्रीस लावलेलं. वाहिनी बंद करायला चाळीस फेरे, मग त्याच चाकाचे आणखी चाळीस की नाला तळ्यात सुटतो. मी फिरवत होते आणि मोठमोठ्याने रडत होते. चौदा सोसायट्यांचं पाणी आधी गुरगुरलं, मग धडधडत तळ्यात शिरलं. उद्घाटनासाठी घाईने उभारलेली जेट्टी नेमकी त्याच तोंडाशी होती.

सकाळी नऊपर्यंत पाणी राखाडी झालं होतं. दहाला मुलं आली. शिक्षकांनी नाकाला रुमाल लावले. पाहुण्यांची गाडी वळून गेली, मुलं बसमध्ये बसून परत गेली. साठच्या साठ. मी जेट्टीवर उभी राहून एकेक मोजलं.

आई पांढरी साडी नेसून पायऱ्यांवर उभी होती. तिने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. ग्रीस नखांतून जात नाही.

"तू केलंस?"

"हो."

तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला. मग म्हणाली, "कारण सांगू नकोस. मला पटेल आणि मग मला राग धरता येणार नाही." आणि घरी निघून गेली.

झडप दुपारी कुणीतरी पुन्हा बंद केली. चौकशी लागली. रस्त्याचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. मला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. तळं जाईल, पण कुणी त्यात उतरणार नाही, असा माझा हिशोब होता.

७

सोमवारी अकरा वाजता मी गेले. कामावरून अजून काढलं नव्हतं, आणि आकडा कुणीतरी घ्यायला हवा होता. रंगराव आले नाहीत. मी एकटीने वल्ही मारली.

तबकडी सोडली. वीतभर खाली गेली आणि काळ्या पाण्यात दिसेनाशी झाली. इतकं बरं वाटलं मला. वर ओढली, वीतभरावर पुन्हा दिसली. आकडा लिहिला, तबकडी मांडीवर ठेवली, तिच्यावरची घाण ओढणीने पुसत बसले. पुसता पुसता मला एक गोष्ट सुचली. चार दिवसांपूर्वीच सुचायला हवी होती. पाणी स्वच्छ असलं की तबकडी लांबून दिसते. पाणी गढूळ असलं की ती दिसायला अगदी जवळ आणावी लागते. हे कुठल्याही नवशिक्याला कळतं. तिकडच्यालाही कळत असणार.

मी काठावरून वाकले. पाण्याखाली वीतभरावर एक पांढरा पाव दिसत होता. माझी तबकडी माझ्या मांडीवर होती. तो पाव मागे गेला, दिसेनासा झाला, आणि पुन्हा वर आला.

तेवढ्यात काठावरून बोलण्याचे आवाज आले. मी मान वळवली. आई होती. तिच्यासोबत त्या अकराजणी होत्या, इंदुबाई, सगळ्या, आणि आणखी पंधरा-वीसजणी कुठून कुठून जमवलेल्या. डोक्याला रुमाल, हातात घमेली. बैठकीच्या आत तळं साफ करून दाखवायचं म्हणून त्यांनी श्रमदान काढलं होतं. पहिली रांग कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती आणि हाताने घाण उपसून मागे देत होती. बाकीच्या पदर खोचून पायऱ्या उतरत होत्या.

मी ओरडले, दोन्ही हात हलवले. इंदुबाईंनी उलट हात हलवला. आमच्यामध्ये सगळीकडे, काळ्या पाण्याच्या खाली, ठिकठिकाणी पांढरे पाव वर येत होते. प्रत्येक बाईच्या समोर एक.

आईने मला पाहिलं. तीन दिवसांनी पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली, आणि बरोबरच्या बायकांना ऐकू जाईल अशा मोठ्या, अभिमानाच्या आवाजात तिने विचारलं, "मैत्री, किती दिसतंय गं आज?"